डिझेल ट्रकच्या इंजिनकक्षाची धुलाई

डिझेल ट्रकच्या इंजिनकक्षाची धुलाई म्हणजे मालवाहू ट्रकच्या इंजिनावर व त्याच्या सभोवतालच्या भागांवर साचलेले धूळ, चिखल, ग्रीस, ऑइल व डिझेल यांचे थर पाणी, दाबाची हवा, ब्रश किंवा साबणाचे द्रावण यांच्या साहाय्याने काढून टाकण्याची प्रक्रिया होय. ऑइल बदलणे किंवा फिल्टर बदलणे यांना देखभालीच्या वेळापत्रकात जे निश्चित स्थान आहे, ते या धुलाईला नाही. त्यामुळे इंजिन धुवावे की नाही, आणि धुवायचे झाल्यास कसे, याविषयी ट्रकमालक, चालक व फिटर यांच्यात मतभेद आढळतात.

यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या इंजिनांना पाण्याच्या माऱ्याचा फारसा उपद्रव होत नसे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या इंजिनांत मात्र चुकीच्या धुलाईमुळे ट्रक जागेवर उभा राहू शकतो. दुसरीकडे, वर्षानुवर्षे साफ न केलेले इंजिन तापते, त्यातील गळती दिसत नाही आणि आगीचा धोका वाढतो. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस असलेल्या पडेगावासारख्या कोरड्या, धुळीच्या व पाणीटंचाईच्या परिसरात या प्रश्नाला पाण्याची आणि सांडपाण्याचीही बाजू आहे.

पार्श्वभूमी

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. हा करार १९६९ मध्ये संपला, तरी त्या घडणीची इंजिने पुढे अनेक दशके भारतीय रस्त्यांवर धावत राहिली. या इंजिनांत डिझेलचा पुरवठा यांत्रिक पंपाद्वारे होत असे. विजेचे काम सेल्फ, दिवे व हॉर्न यांपुरते मर्यादित होते. इंजिन एकदा सुरू झाले की चालू राहण्यासाठी त्याला विजेची गरज नसे. वायरिंग भिजून सेल्फ फिरला नाही, तर ट्रकला धक्का मारून तो सुरू करता येई.

या मजबुतीमुळे धुलाईची एक सढळ पद्धत रूढ झाली. इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारायचे, थर भिजू द्यायचा आणि नंतर पंपाच्या जोरदार धारेने सर्व धुऊन काढायचे, असे तिचे स्वरूप होते. इंजिनांची रचना बदलल्यानंतरही ही पद्धत अनेक ठिकाणी तशीच चालू राहिली, आणि आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यात आहे.

भारत स्टेज उत्सर्जन मानकांमुळे इंजिनांत मोठा बदल झाला. बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. त्यांच्या पूर्ततेसाठी संगणकीय नियंत्रण असलेली कॉमन रेल इंधनप्रणाली, अनेक सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा ट्रकांत आली. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. आजच्या इंजिनात पाण्याचा एक थेंब चुकीच्या कपलरमध्ये शिरला, तरी इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाऊ शकते.

इंजिनकक्षाची रचना

भारतातील बहुसंख्य ट्रकांत इंजिन कॅबिनच्या खाली असते. जुन्या व स्थिर कॅबिनच्या ट्रकांत चालक आणि क्लीनर यांच्या बैठकांमधील बॉनेट उघडून इंजिनापर्यंत पोहोचता येते. नव्या ट्रकांत संपूर्ण कॅबिन पुढे कलते आणि इंजिन उघडे पडते.

कक्षाच्या पुढील भागात रेडिएटर असतो. टर्बो इंजिनात त्याच्या पुढे इंटरकूलर आणि वातानुकूलित कॅबिन असल्यास कंडेन्सरही असतो. इंजिनाच्या एका बाजूस एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व टर्बो हे अतितप्त भाग, तर बहुधा दुसऱ्या बाजूस इंधनपंप, डिझेल फिल्टर व इंधननळ्या असतात. अल्टरनेटर, सेल्फ, हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टीअरिंगचा पंप व त्यांचे पट्टे इंजिनाभोवती बसवलेले असतात. ट्रकची विद्युतप्रणाली सामान्यतः २४ व्होल्टची असते आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात.

धुलाईची आवश्यकता

इंजिनकक्ष साफ करण्यामागे दिसण्यापलीकडची पाच कारणे आहेत.

पहिले कारण उष्णतेचे. रेडिएटर व इंटरकूलर यांच्या पातळ पात्यांमध्ये धूळ, कीटक, गवत व कापसाचे तंतू अडकले की हवेचा प्रवाह अडतो. ऑइल गळत असेल, तर हीच धूळ चिकट होऊन तिचा लेप तयार होतो. सपाट रस्त्यावर हा दोष जाणवत नाही. भरलेला ट्रक कमी वेगाने घाट चढू लागला की तापमानाचा काटा वर जातो. याकडे दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे किंवा त्याला तडा जाणे असे नुकसान होते.

दुसरे कारण गळती ओळखण्याचे. काळ्या थराखाली टॅपेट कव्हर, ऑइल सील, टर्बोची ऑइल नळी किंवा इंधनपंप यांपैकी नेमके कोण गळते, हे कळत नाही. स्वच्छ इंजिनावर गळतीचा उगम लगेच दिसतो.

तिसरे कारण आगीचे. डिझेल सुमारे २१० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाला ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. भाराखाली चालणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यापेक्षा बराच अधिक तापतो. ऑइलने भिजलेली धूळ, चिंध्या किंवा उंदरांनी आणलेले गवत अशा वेळी इंधन ठरते.

चौथे कारण दुरुस्तीचे. इंजेक्टर व उच्चदाब पंपाच्या आतील भागांतील अंतर काही मायक्रॉन इतके सूक्ष्म असते. इंधननळी उघडताना बाहेरची माती आत गेली, तर महागडा भाग निकामी होतो. म्हणून असे काम हाती घेण्यापूर्वी तेवढा भाग स्वच्छ करणे अनिवार्य आहे.

पाचवे कारण तपासणीचे. मालवाहू वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. व्यवहारात याला पासिंग म्हणतात. इंजिनावर कोरलेला क्रमांक वाचता यावा, यासाठी त्यावरील थर काढणे आवश्यक ठरते.

धुलाईतील धोके

तापलेल्या भागावर थंड पाणी पडल्यास धातू असमान आकुंचन पावतो. ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डला किंवा टर्बोच्या आवरणाला त्यामुळे तडा जाऊ शकतो. पाण्याची वाफ होऊन धुणाऱ्याचा हात व चेहरा भाजण्याचा संभव असतो.

हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरणे हा सर्वांत महाग अपघात होय. डिझेल इंजिन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या भागापर्यंत दाबते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर पिस्टन मध्येच अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो.

विद्युत भागांतील नुकसान बहुधा उशिरा दिसते. कपलरमध्ये राहिलेला ओलावा पितळी व तांब्याच्या टोकांवर हिरवट क्षार निर्माण करतो. ट्रक धुतल्या दिवशी नीट चालतो आणि काही आठवड्यांनी अधूनमधून बंद पडू लागतो. दोष धुलाईचा असूनही तोपर्यंत धुलाई विस्मरणात गेलेली असते.

कपलर व सेन्सर जलरोधक असतात, हा युक्तिवाद अपुरा आहे. अशा भागांवर आंतरराष्ट्रीय मानकानुसार संरक्षणाची श्रेणी दिलेली असते. आयपी-६७ श्रेणीचा अर्थ तो भाग एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकेल एवढाच आहे. जवळून मारलेल्या उच्च दाबाच्या धारेसाठी आयपी-६९ ही वेगळी श्रेणी व वेगळी चाचणी आहे. पाण्यात बुडून टिकणारा भाग धारेपुढे टिकेलच असे नाही.

याखेरीज उच्च दाबाने रेडिएटरची पाती वाकतात, सुरक्षासूचना असलेले स्टिकर निघतात, बेअरिंगमधील ग्रीस धुतले जाते आणि गिअरबॉक्सच्या श्वसनछिद्रातून पाणी आत जाते.

धुवावे की नाही

संपूर्ण इंजिनकक्ष नियमाने, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसिंगला, पाण्याने धुण्याची आवश्यकता नाही. सामान्य धूळ असेल, तर हवा मारणे व ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. पुढील प्रसंगी पाण्याची धुलाई समर्थनीय ठरते: रेडिएटर व इंटरकूलर बुजले असतील; ऑइलचा जाड थर साचून गळतीचा उगम कळत नसेल; पुराच्या किंवा चिखलाच्या रस्त्याने माती आत गेली असेल; मीठ, खत किंवा सिमेंट यांसारखा गंज आणणारा अथवा घट्ट होणारा माल सांडला असेल; अथवा मोठी दुरुस्ती करावयाची असेल.

वायरिंगचे आवरण फाटलेले असेल, कपलर सैल असतील, एअर फिल्टरची नळी चिरलेली असेल किंवा टॅपेट कव्हरचे गॅस्केट निघालेले असेल, तर धुलाई आधी करू नये. प्रथम ते दोष दुरुस्त करावेत. ज्या वाहनाला त्याच दिवशी लांबच्या फेरीवर निघायचे आहे, त्याचे इंजिन धुणेही टाळावे, कारण सुकण्यास वेळ मिळत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत मनाई असल्यास ती सूचना अंतिम मानावी.

पूर्वतयारी

इंजिन बंद करून ते पूर्ण निवू द्यावे. मॅनिफोल्डजवळील भागावर तळहात निर्धास्त ठेवता येईल, इतके ते थंड असावे. बीएस-६ ट्रकांत धूर गाळणारा फिल्टर स्वतःतील काजळी जाळून टाकतो, तेव्हा धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जाते. ही क्रिया नुकतीच झाली असल्यास अधिक काळ थांबणे आवश्यक आहे.

चावी बंद केल्यावर बॅटरी लगेच तोडू नये. धुरावर फवारल्या जाणाऱ्या डीईएफ या द्रवाची नळी रिकामी होण्यास काही मिनिटे लागतात. ही क्रिया अर्धवट राहिल्यास नळीत स्फटिक जमतात. त्यानंतर बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी.

कॅबिन कलती करण्यापूर्वी आतील सुटे सामान बाहेर काढावे. पाण्याचा कॅन, डबा, अवजारे, देवाची तसबीर व उदबत्तीचे घर हे सर्व पुढच्या काचेवर येऊन आदळते. कॅबिन पूर्ण कलल्यावर सुरक्षा आधार अडकवल्याची खात्री करावी. केवळ हायड्रॉलिक दाबावर उभ्या असलेल्या कॅबिनखाली कोणीही जाऊ नये.

अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूज बॉक्स, इंजिनाचे नियंत्रक, उघडे कपलर, एअर फिल्टरचे तोंड व श्वसनछिद्रे प्लॅस्टिकने झाकून पट्टीने बांधावीत. ऑइल, कुलंट, क्लच व पॉवर स्टीअरिंग यांच्या टाक्यांची झाकणे व ऑइलची पट्टी घट्ट बसल्याचे पाहावे. क्लचचे द्रव हवेतील ओलावाही शोषून घेते, म्हणून त्याच्या टाकीची काळजी अधिक घ्यावी. किती ठिकाणी प्लॅस्टिक बांधले, हे मोजून ठेवावे, म्हणजे शेवटी एकही तुकडा आत राहत नाही.

धुण्याची रीत

प्रथम जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळा करावा. उरलेले ऑइल चिंध्यांनी पुसावे. हा टप्पा बहुधा वगळला जातो, पण धुलाईचा परिणाम व पाण्याची बचत दोन्ही त्यावर अवलंबून असतात. खरवडून काढलेला ऑइलचा गोळा पाण्यात जात नाही, आणि पुढे साबणही कमी लागतो.

त्यानंतर सौम्य, पाण्यात मिसळणारे, रबर व अ‍ॅल्युमिनियमला अपाय न करणारे द्रावण ब्रशने लावावे. ते खालून वर लावल्यास ओघळांचे डाग पडत नाहीत. द्रावण सुकण्यापूर्वी, साधारण पाच-दहा मिनिटांनी, नळाच्या साध्या दाबाने वरून खाली धुवावे. पाण्याची धार फवाऱ्यासारखी पसरट ठेवावी. उच्च दाबाचा पंप वापरणे अपरिहार्य असल्यास तो चॅसिस व इंजिनाच्या खालील ऑइल चेंबरपुरता मर्यादित ठेवावा आणि नोजल पुरेसे दूर धरावे.

रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, धुतात. त्यामुळे अडकलेली घाण आली त्या वाटेने बाहेर पडते. धार पात्यांवर सरळ पडावी. तिरपी धार पाती वाकवते. इंटरकूलर व रेडिएटर यांच्या फटीत साचलेला कचरा बाहेरून दिसत नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

डीईएफ गळून साचलेले पांढरे स्फटिक कोमट पाण्याने विरघळतात. हे द्रव ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असून चालक त्यास युरिया म्हणूनच ओळखतात. ते तांबे व पितळ यांना गंजवते, त्यामुळे वायरिंगवर सांडल्यास लगेच धुणे हिताचे असते.

इंजिन चालू ठेवून ते धुण्याची काही ठिकाणी प्रथा आहे. फिरता पंखा व पट्टे, हवेबरोबर आत ओढले जाणारे पाणी आणि तापलेले भाग यांमुळे ही प्रथा सर्वथा टाळावी.

धुतल्यानंतर

पाणी साचणाऱ्या खोलगट जागा व कपलर यांवर कमी दाबाची हवा मारावी. प्लॅस्टिकची सर्व आवरणे मोजून काढावीत. ट्रक उन्हात, कॅबिन कलती ठेवून, काही तास उभा करावा. त्यानंतर बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे व ते भाराशिवाय चालू द्यावे. पट्टा ओला असताना किंचित आवाज येतो व तो सुकल्यावर थांबतो. डॅशबोर्डवरील दिवा पेटून राहिल्यास ट्रक रस्त्यावर न आणता संबंधित कपलर उघडून सुकवावा.

धुलाईचा खरा लाभ पुढच्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर मिळतो. त्या वेळी इंजिनाची पुन्हा पाहणी करावी. काळा ओघळ इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कुलंटचा, पातळ व उग्र वासाचा डिझेलचा, आणि पांढरा स्फटिकमय थर डीईएफचा असतो. गळती हाताने चाचपू नये. कॉमन रेलच्या नळीतून निघालेली सूक्ष्म धार कातडी भेदून आत जाते व अशी जखम बाहेरून किरकोळ वाटली तरी गंभीर असते. तपासणीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

निषिद्ध द्रव्ये

डिझेल व रॉकेल यांची फवारणी स्वस्त वाटत असली तरी धोक्याची आहे. भारतीय मानकांनुसार या दोन्ही इंधनांचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मराठवाड्यात मे महिन्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा हवेत फवारलेले इंधन एका बिडीने किंवा वायरिंगच्या ठिणगीने पेटू शकते. शिवाय डिझेलमुळे नैसर्गिक रबराचे बुश फुगतात आणि मागे राहिलेल्या तेलकट पापुद्र्यावर नवी धूळ अधिक वेगाने बसते.

कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमवर क्रिया करून हायड्रोजन वायू निर्माण करतो व धातू खातो. अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर, इंटरकूलर व आवरणे यांवर त्याचा वापर करू नये. अ‍ॅसिडने धातू तेवढ्यापुरता चकाकतो आणि नंतर लवकर गंजतो. धुतल्यावर चमक आणण्यासाठी ऑइल किंवा डिझेलचा हात फिरवणे म्हणजे धूळ व आग यांना पुन्हा आमंत्रण देणे होय.

पडेगाव व परिसर

पडेगाव हा छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेच्या हद्दीतील, छावणीच्या पश्चिमेकडील भाग आहे. नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा व शरणापूरमार्गे दौलताबाद, वेरूळ, कन्नड व धुळे या दिशांना रस्ता जातो. दक्षिणेकडे वाळूज ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. नोंदणी क्रमांकाच्या आरंभी एमएच २० असलेल्या येथील ट्रकांतून कारखान्यांच्या मालाबरोबरच कापूस, ऊस, कांदा व मका यांची वाहतूक होते.

येथील हवामान इंजिनकक्षाच्या दृष्टीने कठीण आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती उन्हाळ्यात बारीक धूळ होऊन उडते आणि पावसाळ्यात चिकट चिखल होऊन बसते. कापसाच्या हंगामात उडणारे तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकतात. धुळ्याच्या बाजूने पठारावर येणाऱ्या वाहनांना कन्नडजवळचा औट्रम घाट चढावा लागत असे. २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे अवजड वाहनांवर निर्बंध आले, तरी पर्यायी मार्गांनीही पठाराचा चढ चुकत नाही. त्यामुळे रेडिएटरची स्वच्छता ही या भागात हौसेची बाब राहत नाही. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा रेडिएटर साफ करणे येथे उपयुक्त ठरते.

खंडेनवमी व दसरा हा धुलाईचा पारंपरिक काळ होय. अवजारांच्या व वाहनांच्या पूजेसाठी ट्रक धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालतात. पावसाळ्याच्या अखेरीस येणारा हा सण साचलेला चिखल काढण्यासही सोयीचा आहे. मात्र या दिवसांत एकाच वेळी अनेक वाहने धुतली जात असल्याने इंजिन निवण्यास व सुकण्यास पुरेसा वेळ दिला जात नाही.

पाण्याचा प्रश्न येथे निर्णायक आहे. शहराला पाणी पैठण येथील जायकवाडी धरणातून मिळते. धरणाची पूर्ण जलपातळी शहरापेक्षा सुमारे १०० मीटर खाली असल्याने प्रत्येक लिटर पाणी विजेवर उचलून आणावे लागते. नळाला पाणी रोज येत नाही. मिनिटाला २० लिटर पाणी सोडणारा नळ अर्धा तास चालू राहिल्यास ६०० लिटर पाणी खर्च होते. खरवडणे, पुसणे व ब्रश यांचा आधी अवलंब केल्यास इंजिनासाठी दोन-तीन बादल्या पुरतात. टँकर किंवा बोअरवेलचे पाणी वापरल्यास त्याच्या कठीणपणाचाही विचार करावा लागतो. क्षारयुक्त पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि सुकल्यावर पात्यांवर व कपलरवर पांढरे थर राहतात. शेवटचा हात साध्या गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने फिरवल्यास हे टळते.

सांडपाणी व कायदा

पडेगाव व शहर परिसरातील ओढे-नाले गोदावरीच्या खोऱ्यात मोडतात. शहरातून वाहणारी खाम ही गोदावरीचीच उपनदी आहे, आणि शहराचे पिण्याचे पाणी ज्या जायकवाडीतून येते, ते धरणही गोदावरीवर आहे. रस्त्याकडेला धुतलेल्या इंजिनाचे ऑइल ज्या खोऱ्यात उतरते, त्याच खोऱ्याचे पाणी शहर पिते.

धुलाईच्या सांडपाण्यासाठी कप्प्यांची टाकी बांधतात. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात ऑइल वर तरंगते आणि खालचे पाणी तिसऱ्यात जाते. ऑइल पाण्यापेक्षा हलके असते, या एकाच तत्त्वावर ही टाकी चालते. साबण अधिक वापरल्यास ऑइलचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून राहतात व वर येत नाहीत. अशा दुधाळ पाण्यापुढे टाकी निरुपयोगी ठरते. साबण कमी आणि पुसणे अधिक, हा नियम म्हणूनच नाल्याच्याही हिताचा आहे.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २४ नुसार प्रदूषक पदार्थ ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई आहे. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. घातक व इतर टाकाऊ पदार्थांविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल व ऑइलने माखलेल्या चिंध्या या दोहोंचा समावेश आहे. त्या चिंध्या घंटागाडीत टाकू नयेत. २०१८ च्या कचराकोंडीनंतर शहरात उभारलेल्या घनकचरा प्रक्रिया केंद्रांपैकी एक पडेगाव येथेच आहे, आणि कचऱ्यापासून खत करण्याच्या प्रक्रियेत ऑइलला स्थान नाही.

कामगारांची सुरक्षितता

धुलाईचे काम बहुधा क्लीनर किंवा धुलाई केंद्रावरील तरुण कामगार करतात. वापरलेल्या ऑइलचा त्वचेशी वारंवार येणारा संपर्क अपायकारक असतो, आणि रॉकेलने हात धुण्याची सवय त्वचेचे नैसर्गिक संरक्षण नष्ट करते. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, बंद बूट व काम झाल्यावर साबणाने हात धुणे ही किमान काळजी होय. पंपाच्या मोटारीला अर्थिंग असणे आणि ओल्या फरशीवर विजेची उघडी तार नसणे, ही मालकाची जबाबदारी आहे. तेलकट चिंधी खिशात किंवा मॅनिफोल्डवर विसरल्याने आगी लागू शकतात, म्हणून चिंध्याही प्लॅस्टिकच्या आवरणांप्रमाणे मोजाव्यात.

जुना ट्रक घेताना

विक्रीपूर्वी इंजिन धुऊन चकचकीत करण्याची रीत सर्वत्र आढळते. त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही, पण धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही, ही वस्तुस्थिती आहे. कर्ज काढून जुना ट्रक घेणाऱ्यासाठी ही बाब महत्त्वाची ठरते, कारण टर्बो किंवा इंधनपंपाचा खर्च अनेक हप्त्यांइतका असू शकतो. खरेदीदाराने असे इंजिन शक्यतो माल भरून काही अंतर चालवून पाहावे व नंतर थंड झाल्यावर त्याच्या खालच्या बाजूची तपासणी करावी. कपलरमध्ये ओलावा किंवा हिरवट क्षार आढळल्यास इंजिन अलीकडेच जोरदार धारेने धुतले गेले असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. जाणकार फिटर कोरड्या धुळीने माखलेल्या इंजिनाला ओल्या चकाकीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानतात, कारण कोरडी धूळ तेथे ऑइल गळत नसल्याची खूण असते.

हे सुद्धा पहा

डिझेल इंजिन
भारत स्टेज उत्सर्जन मानके
रेडिएटर
खाम नदी
जायकवाडी धरण
छत्रपती संभाजीनगर